परतीच्या वाटेवरच ट्रेलर का झुलतो?

लक्षण आधी सांगतो. जाताना ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढायचं आमचं चाकांवरचं घर, गुमान मागे येतो, मागे काही बांधलंय याचाच विसर पडावा इतका. येताना तीच गाडी, तोच ट्रेलर, तोच वेग. पण शेजारून एखादा उंच ट्रक गेला की कोणीतरी मागचा बंपर धरून गदागदा हलवल्यासारखं होतं. एक हेलकावा इकडे, एक तिकडे, आणि थांबतं. थांबतं म्हणून आपण सोडून देतो. मी तीन वेळा सोडून दिलं. चौथ्या वेळी ते थांबलं नाही.

या चौथ्या वेळेबद्दल लिहितोच आहे, पण त्याहून जास्त लिहायचंय ते आधीच्या तीन वेळांबद्दल. कारण उपाय मी तिन्ही वेळा केले होते आणि तिन्ही चुकले होते.

पहिल्यांदा मी वाऱ्यावर खापर फोडलं. त्या दिवशी खरोखरच आडवा वारा होता, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. पुढच्या प्रवासाला वारा नसलेला दिवस निवडला. जाताना सगळं ठीक, येताना पुन्हा शेपूट हलली.

मग टायर. ट्रेलरच्या टायरवर नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी कोड वाचला तर टायर सात वर्षांचे निघाले. या कोडातले पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालातला तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभा असतो, त्यामुळे त्याचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांनी ते बदलावेत हे बरोबरच आहे. मी बदलले. खर्च वाया गेला असं म्हणणार नाही, ते बदलायलाच हवे होते. पण झुलणं काही टायरमुळे नव्हतं.

तिसरा उपाय सगळ्यात घातक ठरला, कारण तो लागू पडल्यासारखा वाटला. मी स्वे बार बसवला. गाडीची हिच (मागे बसवलेला, टोकाला गोल बॉल असलेला जोड) आणि त्या बॉलवर टेकणारा ट्रेलरचा दांडा यांच्यामध्ये तिरपी बसणारी, घर्षणावर चालणारी ही पट्टी. ट्रेलर वळायला लागला की ती रखडते आणि झोका जिरवते. त्यानंतर ८० च्या वेगाला जे हेलकावे यायचे ते बंद झाले. मी खूश. खूश झालो म्हणून ९५ ला चालवायला लागलो. मुळात दुखणं तिथेच होतं, फक्त ते आता वरच्या वेगाला जाऊन बसलं होतं, आणि त्या वेगाला ते जेव्हा उठलं तेव्हा ती पट्टी त्याला पुरी पडणार नव्हती.

उतारावर

पुलावरून खाली उतरणारा सरळ रस्ता. क्रूझ कंट्रोल चालू. आरशात मागून एक उंच बस येताना दिसली, आणि मी काहीही केलं नाही. आता मी काय करतो ते पुढे सांगतो, पण तेव्हा काही केलं नाही.

मोठी गाडी शेजारून जाते तेव्हा दोन गोष्टी घडतात. तिच्या तोंडापुढे दाबली गेलेली हवा आधी ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याला बाहेर ढकलते. मग ती गाडी पुढे सरकली की तिच्या कुशीतली हवा ट्रेलरला तिच्याकडे ओढते. म्हणजे एकामागून एक दोन धक्के, उलट्या दिशांचे. झोपाळ्याला नेमक्या वेळी दोन हात लावावेत तसं.

बस गेली. शेपूट हलली. मी थांबायची वाट पाहिली. बायको शेजारी बसली होती, ती म्हणाली, "अरे, ट्रेलर आरशात दिसतोय." मी म्हणालो, दिसणारच. ती म्हणाली, "नाही, माझ्या आरशात दिसतो, मग तुझ्या आरशात दिसतो."

हे वाक्य मी विसरणार नाही. सरळ चालताना दोन्ही आरशांत ट्रेलरच्या बाजूची एक बारीक पट्टी दिसते. आता डाव्या आरशात त्याची पूर्ण भिंत, खिडकीसकट, आणि उजव्या आरशात नुसता रस्ता. क्षणभराने उजव्यात भिंत, डाव्यात रस्ता. दर खेपेला भिंत जास्त दिसत होती. स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं, कारण मागचा ट्रेलर गाडीची मागची बाजू ओढत होता आणि पुढची चाकं नुसती नावाला रस्त्यावर होती.

मी ब्रेक दाबला. कोणीही दाबेल. आणि हीच चूक. गाडी मंदावली, ट्रेलर मंदावला नाही, तो मागून गाडीवर चाल करून आला. त्यातही तो त्या क्षणी तिरका होता, त्यामुळे त्याने गाडीची मागची बाजू सरळ पुढे न ढकलता बाजूला ढकलली. पुढचा हेलकावा आम्ही शेजारच्या लेनमध्ये घेतला. ती लेन रिकामी होती. बस निघून गेली होती म्हणून रिकामी होती, एवढंच.

त्यानंतर जे केलं ते बरोबर होतं, आणि ते सुचलं याचं श्रेय माझ्या डोक्याला नाही. ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारा कंट्रोलर बसवला तेव्हा बसवणाऱ्याने एका मोकळ्या जागेत माझ्याकडून तीन वेळा ती कळ सरकवून घेतली होती. हाताला ते आठवलं. दोन्ही पाय पेडलवरून काढले, स्टिअरिंग सरळ धरलं, आणि डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरची कळ बोटाने हळूहळू पण पूर्ण सरकवली. गाडीचा ब्रेक नाही, फक्त ट्रेलरचा. मागून कोणी लगाम खेचावा तशी ओढ आली आणि भिंती आरशांतून निघून गेल्या. सगळा प्रकार दहा सेकंदांत आटोपला असेल.

त्या दहा सेकंदांत काय करायचं

ज्यांना फक्त एवढंच हवंय त्यांच्यासाठी, बाकी नंतर वाचा.

अॅक्सिलरेटर सोडा. क्रूझ कंट्रोल चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर तुम्ही पाय काढाल आणि तो गाडीला रेटत राहील. स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. ट्रेलर डावीकडे गेला म्हणून उजवीकडे, उजवीकडे गेला म्हणून डावीकडे असं करायला जाऊ नका. आपला हात नेहमी अर्धा हेलकावा उशिरा पोचतो आणि झोपाळ्याला आणखी एक धक्का देऊन जातो. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आणि कंट्रोलरला हाताची कळ असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक लावा. मागून ओढ बसली की गाडी आणि ट्रेलर दोरीसारखे ताणून सरळ होतात. पायाचा ब्रेक झोके बऱ्यापैकी विरल्यावरच, तोही हलका.

ट्रेलरला ढकल-ब्रेक असतील, म्हणजे ट्रेलर गाडीवर रेटला गेला की आपोआप लागणारे, तर हाताची कळ नसते. तिथे अॅक्सिलरेटर सोडणं आणि स्टिअरिंग न हलवणं एवढंच तुमच्या हातात आहे. ते कमी वाटतं, पण वेग पाच-दहाने उतरला की झोके स्वतःहून मरायला लागतात. अशा ट्रेलरवर मी तरी कमी वेगानेच जाईन.

"वेग वाढव, सरळ होतो" असा सल्ला ठामपणे देणारे भेटतात. गाडीने ओढलं की दोरी ताणते, इतपत त्यात तथ्य आहे. पण ज्या वेगाने दुखणं उठवलं त्याहून जास्त वेगाला जाऊन ते बरं करायचं, आणि तेही उतारावर, हे माझ्या पचनी पडत नाही. पुढे रस्ता संपला किंवा गाडीचा दम संपला की तुम्ही आधीपेक्षा वाईट जागी असता.

झोके थांबले की लगेच पुढे निघू नका. सुरक्षित जागी थांबा. कपलरची (दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) खिटी, साखळ्या, ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी सुटका-ब्रेकची तार, चाकांचे नट, टायर, सगळं बघा. चाकाच्या तुंब्याजवळ हाताची मागची बाजू न्या, ट्रेलरच्या सगळ्या चाकांत एखादा इतरांपेक्षा फार तापलेला असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. आणि ट्रेलरचं दार उघडून आत बघा. आमच्या आत कपाटातलं सगळं मागच्या भिंतीशी जाऊन साचलं होतं. हत्यारांची पेटी तर पलंगाखालून सरकून मागच्या दारापर्यंत आलेली.

त्या पेटीकडे बघत मी बराच वेळ उभा होतो.

दुखणं कुठे होतं

बैलगाडी भरणाऱ्यांकडे यासाठी एक शब्द आहे, उलाळ. माल चाकांच्या मागे जास्त झाला की गाडी मागे कलते, जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवरचं ओझं सुटतं. गाडी उलाळ झाली की ती मालकाच्या ताब्यात राहत नाही. मोटारीमागच्या ट्रेलरला हेच जसंच्या तसं लागू पडतं, फक्त बैलाच्या मानेच्या जागी हिचचा बॉल आहे आणि वेग वीसपट.

ट्रेलरचा दांडा बॉलवर किती भार टाकतो, यावर तो सरळ चालेल की झुलेल हे बरंचसं ठरतं. बॉल-हिचवर ओढायच्या ट्रेलरसाठी अमेरिकी प्रघात असा की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर असावा. युरोपी कॅरॅव्हॅनवाले साधारण ५ ते ७ टक्क्यांत काम भागवतात. त्यांच्या कित्येक गाड्यांच्या हिचची मर्यादाच ७५ ते १०० किलोंच्या आसपास असते, आणि त्यांचे वेगही त्या मानाने बेताचे. तुमच्या ट्रेलरच्या पुस्तिकेत जो आकडा आहे तो तुमचा, आणि गाडीच्या हिचवरच्या पाटीची मर्यादा ओलांडायची नाही. माझ्या ट्रेलरला १० ते १५ सांगितले आहेत, हिचवर २०० किलोंची पाटी आहे.

वजन मोजायला वजनकाट्यावर जायलाच पाहिजे असं नाही. एकूण वजनासाठी मी गेलो, पण बॉलवरचा भार घरच्या, माणसांच्या वजनकाट्यावर मोजता येतो. एक जाड फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन्ही एका उंचीवर. विटेच्या टेकूपासून एक हात अंतरावर फळीवर ट्रेलरचा दांडा टेकवा, म्हणजे तिथून काट्याचा टेकू दोन हातांवर आला पाहिजे. काटा तुम्हाला तिसरा हिस्सा दाखवेल. फळीचं वजन आधी वजा करा, राहिलेल्या आकड्याला तीनने गुणा. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि दांड्याची उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच. उंची चुकली की आकडा चुकतो.

त्या प्रवासाहून आलो तसाच, काहीही न उतरवता मोजलं. काटा २८ च्या किंचित पुढे. गुणिले तीन, ८५ किलो. ट्रेलर १,४५० किलो. म्हणजे सहा टक्केसुद्धा नाही.

मग प्रश्न उरला की जाताना का नाही झुलत? याचं उत्तर पाण्यात निघालं.

माझ्या ट्रेलरची चांगल्या पाण्याची टाकी ८० लिटरची, चाकांच्या आसापासून साधारण एक मीटर पुढे. सांडपाण्याची टाकी ६० लिटरची, आसाच्या १.६ मीटर मागे. आस ते बॉल अंतर चार मीटर. हिशेब शाळेतल्या तरफेचा आहे: वजन गुणिले आसापासूनचं अंतर, भागिले चार. चांगली टाकी भरलेली असेल तर ती बॉलवर ८० गुणिले १ भागिले ४, म्हणजे २० किलो टाकते. सांडपाण्याची टाकी भरली की ६० गुणिले १.६ भागिले ४, म्हणजे २४ किलो बॉलवरून उचलते. जाताना पुढची भरलेली, मागची रिकामी. येताना बरोबर उलट. नुसत्या पाण्याने बॉलवरचे ४४ किलो गेले. जाताना १२९ किलो, जवळपास नऊ टक्के, काठावर का होईना पण चालून जायचं. येताना ८५.

चार वेळा झुलला, चारही वेळा येताना. हे मला वारा, टायर, पट्टी करताना एकदाही दिसलं नाही. कधी होतं हे विचारायच्या आधी कशाने होतं ते ठरवून मोकळा झालो की असं होतं.

आणि हा ट्रेलर आधीची तीन वर्षं का नाही झुलला? कारण आधी मागे सायकली नव्हत्या. दोन सायकली आणि त्यांचा रॅक मिळून ४५ किलो, आसाच्या २.६ मीटर मागे, अगदी शेपटीच्या टोकाला टांगलेल्या. तरफेच्या हिशेबाने त्या बॉलवरून २९ किलो उचलतात. आणि त्यांचा गुन्हा तेवढाच नाही. टोकाला टांगलेलं वजन ट्रेलरला एकदा फिरायला लागला की थांबू देत नाही. फिरायला लागायला आणि फिरणं थांबायलाही होणारा हा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो: आसापासून दोन मीटरवरचा एक किलो, एक मीटरवरच्या चार किलोंइतका जड पडतो. म्हणून मागे ४५ टांगले तर पुढे ४५ टांगून तोल साधला, असा हिशेब करू नका. बॉलवरचा आकडा सुरेख येईल, पण ट्रेलर दोन्ही टोकांना वजन बांधलेल्या काठीसारखा होईल. जड ते आसाच्या जवळ, थोडं पुढे, आणि जमिनीलगत.

वेगाचं गणितही इथेच बसतं. प्रत्येक ट्रेलरला थोडेफार झोके येतातच, पण सावकाश चालताना ते दोन-तीन हेलकाव्यांत मरतात. वेग वाढत जातो तसे मरायला जास्त वेळ लागतो. एका ठराविक वेगाला ते मरतच नाहीत, आणि त्याच्या वर स्वतःहून वाढायला लागतात. तो वेग कुठल्याही पाटीवर लिहिलेला नसतो, तुम्ही माल कसा भरलाय त्याप्रमाणे रोज बदलतो. मागे माल टाकला की तो खाली येतो, उतारावर ट्रेलर ओढला जाण्याऐवजी ढकलायला लागला की आणखी खाली. माझ्या पट्टीने तो थोडा वर नेला आणि मी तेवढाच वर गेलो.

काय बदललं

सायकली आता गाडीच्या आत, मागची सीट पाडून. रॅक काढून टाकला. ३० किलोंची हत्यारांची पेटी आसाच्या दोन मीटर मागे होती, ती आसाच्या साठ सेंटिमीटर पुढे, जमिनीला पट्ट्याने बांधून. एवढ्याने बॉलवर जवळपास २० किलो वाढले. आणि निघायच्या आधी सांडपाण्याची टाकी रिकामी, नेमून दिलेल्या जागी, कितीही कंटाळा आला तरी. आता परतीला बॉलवर १५७ किलो येतात, ट्रेलर १,३४५ किलो, म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या थोडं वर. जाताना चांगलं पाणी भरून १७७, साडेबारा टक्क्यांच्या आतबाहेर. पाटीवरचे २०० अजून लांब आहेत.

एक गोष्ट मात्र विसरू नका. बॉलवर वाढवलेला भार गाडीच्या मागच्या चाकांवर जातो, आणि बॉल मागच्या आसाच्याही मागे असल्यामुळे त्या चाकांवर त्याहून थोडा जास्तच पडतो. शिवाय सायकली गाडीत घेतल्या. म्हणून गाडीची वजनाची मर्यादा पुन्हा तपासली आणि मागच्या टायरमध्ये दारावरच्या पाटीप्रमाणे भरल्या गाडीची हवा भरली, थंड असताना. मागचे टायर मऊ असले तर त्यांच्या भिंती झुलतात आणि ट्रेलरला हवी तीच संधी मिळते. लोक ट्रेलरचे टायर बघतात, गाडीचे बघत नाहीत.

स्वे बार ठेवला आहे. तो वाईट नाही. मोजल्यानंतर लावायची वस्तू मी मोजण्याऐवजी लावली, इतकंच. बऱ्याच नव्या गाड्यांत झोके ओळखून एकेक चाकाचा ब्रेक लावणारी यंत्रणाही येते, आणि ती माणसापेक्षा लवकर जागी होते. असेल तर चालू ठेवा.

वजन बरोबर आहे, तरी झुलतो?

मग आधी झुलतो म्हणजे नेमकं काय ते बघा. डावी-उजवी शेपूट आणि वर-खाली डुलणं हे वेगळे आजार आहेत. खड्ड्यानंतर गाडी आणि ट्रेलर होडीसारखे पुढेमागे डुलत असतील तर स्प्रिंग आणि शॉक बघा. ट्रेलर सतत एकाच बाजूला ओढत असेल, झोके न घेता, तर वाकलेला आस, एका चाकाचा अडकलेला ब्रेक, किंवा एका टायरमध्ये कमी हवा. गाडी सुटताना आणि थांबताना मागून "ठक्" असा आवाज येत असेल तर बॉल आणि कपलरमध्ये खेळ आहे.

शेवटचा आवाज हलक्यात घेऊ नका. बॉल वेगवेगळ्या मापांचे असतात: ५० मिलिमीटर, दोन इंच, एक पूर्णांक सात-अष्टमांश इंच. दोन इंची कपलर त्याहून लहान बॉलवर बसतो, खिटीही लागते, आणि पहिल्या मोठ्या उसळीला उडून निघतो. जोडल्यावर दांड्याचा जॅक फिरवून दांडा वर उचलून बघा. गाडीची मागची बाजू त्याच्याबरोबर उचलली गेली पाहिजे. दांडा एकटाच वर आला तर जोडलेलं नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेदून लावा, म्हणजे सुटलाच तर दांडा त्यांच्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही.

ट्रेलरचं नाक वर आहे का तेही बघा. लांबून, बाजूने, सपाट जागेवर. नाक किंचित खाली चालेल, वर नको. वर असलं की मागच्या बाजूला भार जातो, आणि मागे दोन आस असतील तर मागच्या जोडीवर जास्त. हिचची उंची बदलून हे निस्तरतं.

आणि चाक काढून लावलं असेल तर शंभरएक किलोमीटरनंतर नट पुन्हा घट्ट करा, नेमून दिलेल्या टॉर्कला.

आता उंच गाडी मागून येताना दिसली की मी ती शेजारी यायच्या आधीच अॅक्सिलरेटर किंचित सोडतो, लेनमध्ये तिच्यापासून लांबच्या कडेला सरकतो, आणि ती पूर्ण पुढे जाईपर्यंत वेग वाढवत नाही. ती लवकर पुढे जाते आणि तिची हवाही.

परवा पुन्हा निघायचं होतं, परतीचंच. आदल्या संध्याकाळी सांडपाणी सोडून आलो, चांगल्या टाकीत तळाला थोडं पाणी होतं. फळी काढली, वीट लावली. बायको टॉर्च धरून उभी होती. काटा थोडा थरथरला आणि ५३ वर थांबला. "एकोणसाठ यायला हवे ना?" ती म्हणाली. म्हटलं, ते जाताना. मग ठोकळे काढून आत ठेवले आणि झोपायला गेलो.